मापाची वही

माझी भाची अकोल्याला एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "मामू, मी रविवारी अमरावतीला येते. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन माझ्याकडं आलंय. एखादा बरा ड्रेस घ्यायचा आहे. अकोल्यात फिरून झालं. अमरावतीला कपड्याचं सगळं मिळतं म्हणतात."

म्हणतात ते खोटं नाही. अमरावतीचा कापड बाजार वऱ्हाडात नावाजलेला आहे. जवाहर गेटच्या आतली जुनी दुकानं तर आहेतच, शिवाय नागपूर रस्त्यावर बिझीलँड, सिटीलँड असे मोठमोठे ठोक बाजार उभे राहिले. आसपासच्या जिल्ह्यांतले दुकानदार इथून माल भरून नेतात. लग्नाचा बस्ता बांधायला तर गावंच्या गावं येतात. मी भाचीला म्हटलं, "ये, हिंडू आपण."

आम्ही चार दुकानं हिंडलो. दुकानांची नावं सांगत नाही, कारण नाव कोणतंही असतं तरी गोष्ट हीच घडली असती. चौथ्या दुकानात काउंटरवरच्या पोरानं भाचीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिनं काय हवंय ते सांगण्याआधीच तो माडीकडं तोंड करून ओरडला, "अरे, मॅडमसाठी ट्रिपल एक्सेल काही आहे का?" वरून आवाज आला, "नाही. गाऊन दाखव." दुकानातल्या सात-आठ बायका-माणसांनी वळून पाहिलं. भाची हसली. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. ते कुठं पाहिलं होतं ते पुढं सांगतो.

परत येताना ऑटोत ती म्हणाली, "मामू, कपडा लहान आहे असं एकाही दुकानात कुणी म्हणालं नाही. सगळ्यांनी हेच सांगितलं की मी मोठी आहे."

घरी आल्यावरही तिचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कपडा बरोबर आणि बाई चूक, हा हिशेब आपल्याकडं कधीपासून सुरू झाला? माझ्या लहानपणी तर तो नव्हता. मी खात्रीनं सांगू शकतो, कारण मी शिंप्याचा मुलगा आहे.

अकोल्यात मोहम्मद अली रोडला लागून असलेल्या एका गल्लीत अब्बांचं दहा बाय बाराचं दुकान होतं. एक सिंगर मशीन, एक उषा, कोळशाची इस्त्री, गळ्यात टेप आणि कानावर खडू. आम्ही हजरत इद्रीस यांना शिंप्यांचे आद्य पुरुष मानतो. कापड शिवून घालण्याची कला त्यांनीच सुरू केली, असं आमची परंपरा सांगते. शेजारच्या दुकानातले शिंपीकाका संत नामदेवांचं नाव घेऊन मशीनवर बसायचे. अब्बा त्यांना म्हणायचे, "तुमचे संत अन् आमचे नबी, दोघंही सुईवालेच."

अब्बांकडं लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही होती. मापाची वही. त्यात बायकांची मापं लिहिलेली असत. त्या काळी बायका पुरुष शिंप्याकडून अंगावर माप घेऊ देत नसत. नीट बसणारं एखादं जुनं झंपर घेऊन येत. अब्बा ते टेबलावर पसरून मोजत. बुरख्यातल्या बायका तेही नाही, पोराच्या हाती झंपर पाठवत. मग वहीत छाती, कंबर, मुंढा, बाही, गळा, उंची असे आकडे एकाखाली एक उतरत. पुढं एक शब्दही नाही. जाड, बारीक, ठेंगणी असं काहीही नाही.

मी दहा वर्षांचा असेन. एकदा वही चाळता चाळता मोठ्यानं म्हणालो, "बापरे, शेहेचाळीस!" दुकानाच्या पायरीवर दोन बायका बसल्या होत्या. अब्बांनी काही न बोलता माझा कान धरून मला मागच्या बाजूला नेलं आणि म्हणाले, "नाप अमानत है, बेटा." अमानत म्हणजे विश्वासानं कुणी आपल्याजवळ ठेवायला दिलेली वस्तू. ती चारचौघांत उघडायची नसते. दुकानातला पोरगा माडीकडं तोंड करून ओरडला तेव्हा मला माझाच कान दुखल्यासारखा झाला.

अब्बा आणखी एक गोष्ट करत. शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडत. शिंपी लोक त्याला मार्जिन म्हणतात. खेड्यावरच्या बाया तर बजावूनच सांगत, "मास्तर, अंदरून कापड सोडजा बरं. पोरीले पुढच्या सालीबी आलं पाहिजे." अंग वाढलं की टाके उसवायचे आणि बाहेरून नवी शिवण मारायची. माणसाचं अंग बदलणार, हे कपडा शिवतानाच धरून चालायचे.

त्याच्याही मागं गेलं तर मापाचा प्रश्नच नव्हता. वऱ्हाडातली बाई नऊ वारी लुगडं नेसायची. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुसलमान बायाही नेसायच्या. माझी आजी नेसायची. लुगडं सोळाव्या वर्षी जे, तेच बाळंतपणात आणि तेच नातवंडं झाल्यावर. बाई भरली तर दोन निऱ्या कमी आणि वाळली तर दोन जास्त. चोळीला समोर गाठ. परकराला नाडी, सलवारीला नाडा. गाठ सैल करता येते, घट्टही करता येते. या कपड्यांना नंबर नव्हते.

जुना काळ सोन्याचा होता असं मला म्हणायचं नाही. गरिबाघरी एकच लुगडं असायचं. बाई अर्धं नेसून अर्धं वाळवायची. अडचण कापड नसण्याची होती. पण जे होतं ते तिच्या अंगाला नाही म्हणत नव्हतं.

आता हे पाहा की आपल्या अंगावरच्या या कापडाची दखल साता समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांनी कशी घेतली. १८५३ साली वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडं गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टर भागातल्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा झाला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. अकोला, अमरावती, खामगावचा कापूस गाठी बांधून मुंबई बंदराकडं जाऊ लागला आणि त्याच वाटेनं विलायती कापड इकडं येऊ लागलं.

पण विलायतेत तयार केलेलं कापड इथल्या माणसानं घ्यायचं कसं? म्हणून १८६६ साली जॉन फोर्ब्स वॉटसन या लंडनमधल्या सरकारी अधिकाऱ्यानं हिंदुस्थानी कापडांचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटवले. असे २० संच केले. १३ विलायतेत ठेवले आणि ७ हिंदुस्थानात. लुगडी, धोतरं, पागोटी. त्यानं गिरणीमालकांना बजावलं की हिंदुस्थानात पुष्कळसं कापड मागावरून उतरतं तसंच अंगावर जातं, म्हणून त्याची लांबी, रुंदी आणि काठ इथल्या माणसाला हवे तसेच असले पाहिजेत. हेतू शुद्ध धंद्याचा होता. त्यात आपल्या विणकरांचं मरण होतं, हेही खरं. तरी एवढं दिसतं की आपल्याला लुटायला आलेला व्यापारीसुद्धा आधी गिऱ्हाइकाचं माप घेऊन आला होता.

शिवणयंत्र आलं आणि कपडा अंगाच्या जवळ सरकला. एलियास हाउचं पेटंट १८४६ चं, आयझॅक सिंगरचं १८५१ चं. पुढं ती मशीन हळूहळू आपल्या गावागावांत पोचली. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगनं उषा मशीन काढली आणि शिंप्याचा संसार स्वस्तात उभा राहू लागला. चोळी मागं पडून झंपर आलं, पोलकं आलं. नंतर पोरींच्या अंगावर पंजाबी ड्रेस आला. फॅशन सिनेमातून यायची, पण शिवली जायची अकोल्याच्या गल्लीतच. बाई चित्र दाखवून म्हणायची, "मास्तर, अशी बाही पाहिजे." कोणत्याही अंगाच्या बाईला तशी बाही मिळायची. अठ्ठावीस इंचवालीला मिळायची आणि शेहेचाळीसवालीलाही मिळायची. शिलाई दोघींना सारखी.

मग नंबर आले कुठून? याची गोष्ट सुरू होते ती पुन्हा त्याच अमेरिकन युद्धापासून. ज्या युद्धानं वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाला नेला, त्याच युद्धात उत्तरेकडच्या फौजेला एकदम लाखो गणवेश लागले. सैनिकांची मापं घेतली तेव्हा कारखानदारांच्या लक्षात आलं की काही ठराविक मापं पुन्हा पुन्हा येतात. त्यावरून पुरुषांच्या तयार कपड्यांचे नंबर ठरले.

बायकांचं घोडं मात्र अडलं. बाईचं अंग एका आकड्यात सापडेना. त्यातून वाट काढली एका विधवेनं. लिथुआनियातून अमेरिकेत आलेली लीना ब्रायंट ही शिवणकाम करणारी बाई. नवरा लहान मूल मागं ठेवून वारला. १९०४ साली तिनं न्यूयॉर्कमध्ये छोटंसं दुकान काढलं. बँकेच्या कागदावर 'लीना'चं चुकून 'लेन' झालं म्हणतात, आणि दुकान 'लेन ब्रायंट' म्हणून चाललं. आधी तिनं गरोदर बायकांना बाहेर घालून जाता येतील असे कपडे शिवले, कारण त्या काळी पोटुशी बाईनं घरातच बसावं अशी तिकडचीही रीत होती. मग तिच्याकडं अंगानं भरलेल्या बायका येऊ लागल्या. तिच्या दुसऱ्या नवऱ्यानं, जो इंजिनिअर होता, हजारो गिऱ्हाइकांची मापं आणि विमा कंपनीकडचे आकडे तपासले. त्यातून दिसलं की मोठ्या अंगाच्या बायकाही एकाच साच्याच्या नसतात. कुणी वरून भरलेली, कुणी खालून, कुणी सगळीकडून. तिघींना तीन वेगळे कट लागतात. १९२० च्या दशकात या कपड्यांची विक्री गरोदर बायकांच्या कपड्यांच्या पुढं गेली. म्हणजे मोठ्या मापाच्या कपड्यांना गिऱ्हाईक नसतं, हे म्हणणं शंभर वर्षांपूर्वीच खोटं ठरलं आहे.

पुढं अमेरिकन सरकारनंच बायकांची मापं घ्यायचं मनावर घेतलं. १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० बायका मोजल्या, प्रत्येकीची ५९ मापं. १९४१ साली अहवाल निघाला. हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. या आकड्यांच्या आधारावर १९५८ साली तिथं सरकारी मापं ठरली आणि १९८३ साली ती मागंही घेतली गेली, कारण खुद्द तिथल्या बायकांनाच ती बसत नव्हती.

पण आकडे एकदा छापले की फिरत राहतात. भारतात तयार कपड्यांचा धंदा वाढला तेव्हा आपल्या बायकांची मोजणी कुणीच केलेली नव्हती. मग अमेरिकेचे, इंग्लंडचे तक्ते घेऊन त्यात थोडं इकडं तिकडं करून काम चाललं. गळ्याला चिठ्ठ्या लागल्या. एस, एम, एल, एक्सेल, डबल एक्सेल. दूरदेशीच्या कुणा गोऱ्या बाईच्या अंगावरून उतरलेलं माप असं अकोल्याच्या टिळक रोडवर आलं आणि आमच्या पोरींना सांगू लागलं की तुम्ही मोठ्या आहात.

आता दुकानदाराची बाजूही सांगितली पाहिजे, कारण माझा बाप दुकानदारच होता. कुर्त्यांचा ठोक माल सेटनं येतो. एका रंगाचे चार नग. एम, एल, एक्सेल आणि डबल एक्सेल. ठोकवाला सहसा सेट फोडत नाही. लहान गावच्या दुकानदाराला ट्रिपल किंवा फोर एक्सेल पाहिजे असेल तर त्याचा वेगळा सेट घ्यावा लागतो, आणि त्यात दोन-तीनच रंग मिळतात. काळा, निळा, मेंदी. माल अडकला तर भांडवल अडकतं. मोठ्या मापाला कापड जास्त लागतं, पण गिऱ्हाईक जास्त पैसे द्यायला कुरकुरतं. हे सगळं खरं आहे.

पण मुख्य अडचण कापायच्या टेबलावर आहे. कारखान्यात एका मधल्या मापाचा नमुना काढतात आणि तोच इंचा-इंचानं वाढवत नेतात. छाती वाढवली की खांदाही वाढवला, गळाही वाढवला. अब्बा खडूनं टेबलावर रेघ मारून शिकवायचे, "छाती वाढली म्हणून खांद्याचं हाड वाढत नाही." म्हणून कारखान्यातला मोठा कुर्ता खांद्यावरून घसरतो, गळा उघडा पडतो आणि दंडाला मात्र आवळतो. बाई आरशात पाहते आणि म्हणते, माझंच अंग असं. तिला कुणी सांगत नाही की कटिंग असं आहे.

मोठ्या मापात काय मुबलक मिळतं ते एकदा बाजारात जाऊन पाहा. गाऊन. पाहिजे तो रंग, पाहिजे ती फुलं, आणि फ्री साइज. १९९० नंतर वऱ्हाडातल्या गावागावांत हा गाऊन घरोघरी पोचला. वरून ओढणी टाकून बाई भाजीच्या गाडीपर्यंत जाऊन येते. आमच्या बायकांच्या अबायाचंही बघा. त्याला ५४, ५६, ५८ असे नंबर असतात, पण ते उंचीचे इंच. घेराची फारशी विचारपूस नाही. दोन्ही कपडे सोयीचे आहेत, माझी काही तक्रार नाही. पण एक गाऊन घरातला आणि दुसरा इतर कपड्यांवरून घालायचा. मोठ्या अंगाच्या बाईला घरात बसायचे आणि अंग झाकायचे कपडे बाजार भरभरून देतो. स्टेजवर उभं राहायचा, मुलाखतीला जायचा, मैत्रिणीच्या लग्नात मिरवायचा कपडा मागितला की माडीवरून आवाज येतो, नाही.

इथं मला माझा स्वतःचा गुन्हा सांगायचा आहे. दुकानदाराकडं बोट दाखवून मी मोकळा होऊ शकत नाही.

१९९० च्या सुमारास मी नवा नवा कवी होतो. वऱ्हाडात कविसंमेलनाचा मांडव हशानं उचलतो, हे तुम्हाला माहीत आहे. मी एक जाड बायकोवरची कविता लिहिली. सायकल मोडते, पलंग मोडतो, शिंपी कापडाचा तागा मागवतो, असं सगळं. खूप चालली. गावोगाव लोक तीच मागायचे. एकदा अकोल्यातच कार्यक्रम होता. बायकांच्या बाजूला माझी थोरली बहीण, माझी आपा, बसली होती. वहीतलं ते शेहेचाळीस माप शेजारच्या खालांचं होतं. पुढं लग्नानंतर, दोन बाळंतपणांनंतर आपाही त्याच मापाला आली होती. मी शिंप्याच्या ओळीवर आलो आणि मांडव हसला. मी आपाकडं पाहिलं. तीही हसत होती. तेच हसणं मी परवा दुकानात भाचीच्या तोंडावर पाहिलं.

आपा मला कधी काही बोलली नाही. पण त्यानंतर ती माझ्या एकाही कार्यक्रमाला आली नाही. बोलावलं की म्हणायची, "तू हो आ, मुझे घर में काम है." अब्बा होते तोवर तिचे कपडे ते शिवत. २००३ साली अब्बा गेले, दुकान बंद झालं, आणि आपाचं बाहेर जाणंही हळूहळू बंद झालं. मी ती कविता पुन्हा म्हटली नाही. पण न म्हटल्यानं फिटतं असं नाही. अब्बांनी माझा कान धरून जे शिकवलं होतं तेच मी माइकवरून मोडलं होतं. एका घरातली अमानत मांडवात उघडली होती.

आपल्या भाषेत पूर्वी अशा बाईला 'खात्यापित्या घरची' म्हणत. दुष्काळ पाहिलेल्या मुलखाचे ते शब्द. त्यात कौतुक होतं. ते जाऊन भाषेत टिंगल कधी भरली, याचा हिशेब आम्हा विनोदी कवींनाही द्यावा लागेल.

कुणी म्हणेल, ज्या वऱ्हाडात शेतकरी गळफास घेतो, ज्या मेळघाटात पोरं कुपोषणानं जातात, तिथं जाड बायकांच्या फॅशनचं काय घेऊन बसलात? मीही स्वतःला हे विचारलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे २४ टक्के बायका जास्त वजनाच्या आणि सुमारे १९ टक्के कमी वजनाच्या आढळल्या. म्हणजे शंभरातल्या त्रेचाळीस बायका मधल्या मापात नाहीत. मेळघाटातल्या पोरीच्या अंगावरही तयार झंपर लोंबतंच. बाजाराचं माप दोघींनाही बसत नाही, मग ते माप आहे तरी कुणाचं? आणि तब्येतीचं म्हणाल तर तो डॉक्टरचा आणि बाईचा प्रश्न आहे. डॉक्टर सांगतात, रोज सकाळी फिरायला जा. ती दुकानात जाते तर फिरायला जाण्याजोगा कपडाच तिच्या मापात नसतो. लोक पाहतील म्हणून ती घरातच राहते.

काही घडलंच नाही असं नाही. २०१६ साली मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये मोठ्या मापाच्या कपड्यांचा खास कार्यक्रम झाला आणि भरल्या अंगाच्या मुली त्या मंचावर चालल्या. मोबाइलवरून मोठ्या मापाचे कपडे मागवता येऊ लागले. पण हात न लावता मागवायचे, बसले नाहीत की परत पाठवायचे, यात महिना जातो आणि कार्यक्रम होऊन जातो. २०१८ साली निफ्ट या केंद्र सरकारच्या फॅशन संस्थेचा भारतीय मापं ठरवण्याचा प्रकल्प जाहीर झाला. १५ ते ६५ वयाची २५ हजार माणसं, अंगाला हात न लावता यंत्रानं मोजायची. मला हे वाचून अब्बांची आठवण आली. शहरं निवडली सहा. दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग. वऱ्हाडातलं त्यात एकही नाही. तरी आपल्या देशाची बाई मोजावी असं कुणाला तरी वाटलं, हेही थोडं नव्हे.

अकोल्याच्या सावतराम आणि मोहता मिलचे भोंगे बंद होऊन जमाना झाला. त्याच अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि तिथं कापसाच्या जातींवर संशोधन चालतं. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होणार. त्याची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. कापूस आमचा, आता कापडही आमच्या दारात होणार असेल, तर माप तरी आमच्या बायकांचं असावं, एवढं मागणं जास्त नाही. बचत गटांमधून शिवण शिकलेल्या शेकडो बाया या दोन जिल्ह्यांत आहेत. त्यांना शाळेच्या गणवेशाच्या कामाबरोबर मोठ्या मापाचं कटिंग शिकवलं, तर ज्या गिऱ्हाइकाला बाजार नाही म्हणतो ते त्यांच्या दारात येईल. दुकानदारांना एवढंच म्हणेन की माल नसेल तर नाही म्हणा, पण ओरडून म्हणू नका.

भाचीच्या ड्रेसचं काय झालं ते सांगून थांबतो. पाचव्या दुकानात आम्ही गेलोच नाही. कापडाच्या दुकानातून मोरपंखी रंगाचं कापड मीटरनं घेतलं आणि ती अकोल्याला परत गेली. आपानं अब्बांची उषा मशीन पलंगाखालून ओढून काढली, तेल घातलं. भाचीनं मोबाइलवर फोटो दाखवला, असा गळा, अशी बाही. आपानं तिची मापं घेतली आणि अब्बांच्या वहीत मागं राहिलेल्या कोऱ्या पानावर लिहिली.

प्रत्येकीच्या घरी शिंप्याची लेक नसते, हे मी जाणतो. म्हणून तर एवढं बोललो.

स्नेहसंमेलनाला मी अकोल्याला गेलो. भाची तीन तास स्टेजवर उभी होती. पोरं टाळ्या वाजवत होती, आणि ती ओढणी न सावरता बोलत होती. माझ्या शेजारच्या खुर्चीवर आपा होती. कितीतरी वर्षांनी ती अशी मांडवात बसली होती. मला तिची माफी मागायची होती, पण शब्द जुळेनात. तिनंच माझ्याकडं वाकून हळूच सांगितलं, "अंदर दो उंगल कपडा छोडा है."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)